विषय: वेटसूट की ड्रायसूट? मे महिना, मिशिगन सरोवर

प्रेषक: राजारामपुरी, कोल्हापूर

नमस्कार मंडळी,

दादा-वहिनी अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या पूर्व काठाला राहतात, त्यांनीच मला या ईमेल यादीत घेतलंय. मे महिन्यात मी त्यांच्याकडे येतेय. दादानं जेट स्की घेतलीय आणि मी आल्या आल्या ती पाण्यात उतरवायची असं त्याचं ठरलंय. माझा अनुभव तारकर्लीचा. गगनबावड्यावरून घाट उतरून जायचं, टी-शर्टावर लाइफ जॅकेट चढवायचं, झालं. दादा म्हणतो, वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट, पुरे. वहिनी म्हणते, ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा सूट, नसेल तर काठावर बसा. किमतीत तिपटी-चौपटीचा फरक दिसतोय. मला पोहता चांगलं येतं, आणि तिथं मेमध्ये २०-२५ अंश असतं असं दादा सांगतो. मग ड्रायसूट खरंच लागतो का?

---

प्रेषक: ग्रँड रॅपिड्स

आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये ३/२ च्या (धडाला ३ मिलिमीटर जाड, हातापायांना २) वेटसूटवर आरामात चालवतो. मेमध्ये मात्र मी पाण्यात पाय घालत नाही. शाहूपुरीचे काका यादीवर आहेत, इथं असताना त्यांनी थंडीतही चालवलीय. त्यांनी सांगावं.

---

प्रेषक: शाहूपुरी, कोल्हापूर

बाळ,

दादानं सांगितलेले २०-२५ अंश हवेचे आहेत. सूट पाण्याचं तापमान बघून घ्यायचा. हिवाळाभर गारठलेलं एवढं मोठं सरोवर तापायला जुलै उजाडतो. मेमध्ये काठावर माणसं अर्ध्या बाहीत फिरत असतात आणि पाणी बहुतेकदा १० अंशांच्या खाली असतं. तारकर्लीचं पाणी २८च्या आसपास. शिवाय पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं ओढून घेतं. वारा फिरला तर वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि खालचं गार पाणी काठाशी वर येतं, म्हणून कालचा आकडा आज धरायचा नाही.

तिकडे थंड पाण्याबद्दल १-१०-१ असा हिशेब शिकवतात. पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वासाचं. छाती आवळते, नकळत मोठा श्वास आत ओढला जातो. तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर पाणीच आत जातं. पट्टीचा पोहणाराही इथं सापडतो, म्हणून सूट कुठलाही असो, लाइफ जॅकेट वरून हवंच. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शुद्ध जायला तासभर लागतो. लोक त्या तासाच्या भरवशावर राहतात. जेट स्कीवाल्यानं त्या १० मिनिटांकडे बघावं. पडल्यावर मशीनपर्यंत पोहायचं, मागच्या बाजूनं स्वतःला वर ओढायचं, लॅनयार्डची (अंगाला बांधलेल्या, पडल्यावर निघून इंजिन बंद करणाऱ्या दोरीची) क्लिप जागेवर बसवायची, बटण दाबायचं. बोटं वळेनाशी झाली की यातलं काही होत नाही, मशीन हाताच्या अंतरावर असलं तरी. सूट निवडताना माझा प्रश्न एकच असतो: पाण्यात पडल्यावर याच्या जोरावर मला परत वर चढता येईल का?

वेटसूटमध्ये पाणी शिरतंच. तो निओप्रीनचा, म्हणजे रबरी फोमाचा असतो; त्या फोमात वायूचे बारीक बुडबुडे असतात, ऊब ते धरून ठेवतात. आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उष्णतेनं कोमट होतो. त्यासाठी सूट अंगाला घट्ट हवा. काखेत किंवा पाठीच्या कण्याशी पोकळी राहिली तर प्रत्येक हालचालीला गार पाणी आत-बाहेर करतं. ५/४ म्हणजे धडाला ५ मिलिमीटर, हातापायांना ४. आता जेट स्कीची खास अडचण. तू जास्त वेळ पाण्यावर असतेस, आणि ओल्या निओप्रीनवर तो वेगाचा वारा लागला की तू न पडताच गारठतेस. वरून वारा अडवणारं जॅकेट घातलं की बराच फरक पडतो.

ड्रायसूट पाणी आत येऊ देत नाही, पण स्वतः ऊब देत नाही. ती आतल्या कपड्यांनी द्यायची, लोकर किंवा फ्लीस. मानेला आणि मनगटाला रबराच्या घट्ट पट्ट्या असतात, पायाला बहुतेक सूटना मोजे जोडलेलेच. झिप लावल्यावर उकिडवं बसायचं, मानेची पट्टी दोन बोटांनी ओढायची आणि आतली हवा बाहेर जाऊ द्यायची. हे राहिलं तर पाण्यात हवा पायांकडे जाते आणि पोहणं अवघड होतं. सूट फाटून पाणी भरलं तर माणूस बुडतो अशी भीती लोक घालतात. तसं होत नाही, लाइफ जॅकेट तरंगतं ठेवतं. पण ऊब जाते, आणि पायात भरलेलं पाणी घेऊन वर चढायला फार जड जातं. म्हणून दर वेळी झिप आणि पट्ट्या तपासायच्या.

अजून एक. जेट स्कीवरचं इशाऱ्याचं लेबल नीट वाच. मागे पडलं आणि जेटचा झोत अंगावर आला तर पाणी शरीराच्या आत घुसून गंभीर इजा होते, म्हणून कंपन्या निदान वेटसूटची पँट घाला असं सांगतात. उन्हाळ्यात नुसत्या स्विमसूटवर बसणाऱ्या मुली पाहिल्या की मला राहवत नाही, मी जाऊन सांगतो. ड्रायसूट घातलास तरी वरून निओप्रीनची चड्डी चढव. सूटची बैठकही घासत नाही.

माझं मत: १० अंशांखाली ड्रायसूटच. १० ते १५ मध्ये ५/४ चा चांगला बसणारा वेटसूट, वरून जॅकेट, हातमोजे आणि बूट, आणि काठ सोडून लांब जायचं नाही. १५च्या वर दादा म्हणतो ते बरोबर. मेमध्ये वहिनीचं ऐक.

माझा जुना ड्रायसूट इथं कपाटात आहे. मनगटाच्या लॅटेक्सच्या पट्ट्या आपल्या उन्हाळ्यानं चिकट झाल्यात, बोट लावलं तर ठसा उमटतो. मानेची पट्टी निओप्रीनची, ती टिकलीय. तो नेण्याच्या लायकीचा नाही, पण घालायचा सराव होईल. रविवारी घरी ये, काकूही वाट बघतेय.

---

प्रेषक: राजारामपुरी, कोल्हापूर

काका, काकू, रविवारबद्दल मनापासून आभार.

यादीवरच्या इतर मुलींसाठी लिहून ठेवते: कानातलं, गळ्यातलं, बांगड्या आधी काढा आणि केस खाली बांधा. माझ्या अंबाड्यामुळे मानेची पट्टी डोक्यावरच अडकली होती, काकूंनी दोन्ही हात आत घालून ती ताणली तेव्हा चेहरा बाहेर आला. खांद्यावरची झिप स्वतःला दिसत नाही. मला ती पूर्ण लागलीय असं वाटत होतं; काकांनी आरशात दाखवलं तर शेवटी बोटभर उघडी होती. उकिडवं बसल्यावर मानेतून सूं करून हवा गेली आणि सूट पायांना चिकटला, तेव्हा कळलं आत किती हवा होती.

दादाशी बोलले. माझ्यासाठी वहिनी तिथल्या कयाकच्या दुकानात ड्रायसूट भाड्यानं मिळतो का बघतेय. मिळाला नाही तर मी काठावर थांबेन. दादाकडे ४/३ चा वेटसूट आहे, तोही पाणी १५च्या वर जाईपर्यंत थांबायला तयार झालाय.

आत घालायला इथून काय आणू? महाद्वार रोडवर थर्मल मिळतात.

---

प्रेषक: शाहूपुरी, कोल्हापूर

लेबल बघून घे, त्यात सुती काही नको. सुती कापड घामानं ओलं झालं की ओलंच राहतं. पॉलिएस्टरचा किंवा लोकरीचा पातळ जोड इथून घे, फ्लीस तिकडे घे, म्हणजे त्यावर सूट चढवून, हात वर करून आत जागा पुरते का ते बघता येईल. लोकरीचे मोजे दोन जोड आण. आणि पहिल्या दिवशी मशीनवर बसायच्या आधी सूट घालून कमरेएवढ्या पाण्यात पाच मिनिटं उभी राहा, दादाला शेजारी घेऊन. बाहेर आल्यावर आतले कपडे चाचपून बघ. कुठं ओलं लागलं तर त्या दिवशी चालवायचं नाही.