वृद्ध रुग्णांसाठी लिव्हिंग विल: हॉस्पिटलात राबवायचं कसं? (बेळगाव-चिक्कोडी भाग)

क्वालिटी_डेस्क:
साठ खाटांचं हॉस्पिटल आहे. सत्तरीपुढचे रुग्ण बरेच, त्यातले अनेक मराठी बोलणारे, आणि कागद सगळे कन्नड-इंग्रजीत. मॅनेजमेंट म्हणतं, लिव्हिंग विलचा (पुढे स्वतःला सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा) फॉर्म छापून अ‍ॅडमिशनच्या फाइलमध्ये घाला. घातला, तर नातेवाईक एक तर बिथरतात, नाही तर न वाचता सही ठोकतात. डॉक्टरांना कायद्याची भानगड नको. सुरुवात कुठून करावी? आणि रुग्ण मिरजेला किंवा कोल्हापूरला हलवला तर कागद चालतो का?

आयसीयू_चिक्कोडी:
तो फॉर्म फाइलमधून आधी काढा. धाप लागलेल्या माणसापुढे डिपॉझिटच्या पावतीबरोबर असा कागद आला, की घरचे एकच अर्थ काढतात: हे हात वर करायला बघताहेत.

ओपीडीतून सुरू करा, तेही एकाच विभागात. निकष सोपे ठेवा: सत्तरीपुढचं वय आणि सहा महिन्यांत दोनदा अ‍ॅडमिशन, डायलिसिस, घरी ऑक्सिजन लागणारा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), पसरलेला कॅन्सर. क्लिनिकल फ्रेल्टी स्केल (माणूस किती थकलाय, हे १ ते ९ आकड्यांत मोजणारी पट्टी) नर्सलाही भरता येते. ६ किंवा पुढे, म्हणजे आंघोळीला मदत लागायला लागली, की नाव यादीत. डिमेन्शियात मात्र तोवर थांबू नका. सांगितलेलं समजणं, लक्षात राहणं, तोलून बघणं आणि उत्तर देता येणं, हे सगळं जमतंय तोवरच त्या सहीला अर्थ आहे.

दोन बैठका लागतात, अर्ध्या-पाऊण तासाच्या. आजार कुठवर आलाय ते डॉक्टरांनीच सांगायचं. पुढचं बोलणं एमएसडब्ल्यू (हॉस्पिटलातले समाजसेवक) किंवा शिकवून तयार केलेल्या नर्सला जास्त जमतं. व्हेंटिलेटरचा विषय पहिल्यांदा काढू नका. ‘आज्जी, तब्येतीबद्दल तुम्हाला काय सांगितलंय? काय जमेनासं झालं तर जगण्यात राम वाटणार नाही? तुम्हाला बोलता आलं नाही तर आम्ही कुणाला विचारायचं?’ शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फोन नंबरासकट त्याच दिवशी केस पेपरवर लिहा. नोटरी पुढे झालीच नाही, तरी रात्री दोन वाजता ते नाव उपयोगी पडतं. चष्मा, कानाचं मशीन लावूनच बसवा. थोरल्या मुलाला दुसऱ्या बैठकीला बोलवा. पहिल्या बैठकीला आला तर सगळी उत्तरं तोच देतो.

वकील_निपाणी:
सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विलला मान्यता दिली, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून कुणी वाटेला जात नसे. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. वारस आणि तुमचा स्टाफ साक्षीला घेऊ नका. रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारी माणसं एकाहून जास्त नेमता येतात. मुलगा पुण्याला असेल तर इथल्या लेकीचं नावही घाला. प्रती त्यांना आणि फॅमिली डॉक्टरला द्यायच्या, शिवाय पंचायत किंवा महापालिकेकडे. पीडीओला (पंचायत विकास अधिकाऱ्याला) माहिती असेलच असं नाही. आदेशाची प्रत जोडा आणि पोच घ्या.

उपचार थांबवायची वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं लागतात. पहिलं हॉस्पिटलचं: उपचार करणारे डॉक्टर आणि पाच वर्षं अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात डीएचओंनी (जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी) नेमलेले एक डॉक्टर आणि पहिल्यात नसलेले दोन तज्ज्ञ. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. म्हणजे किमान सहा डॉक्टर, आणि लहान हॉस्पिटलं इथेच अडकतात. बाहेरच्या तज्ज्ञांची लेखी तयारी आधीच घेऊन ठेवा. कर्नाटक आरोग्य खात्याच्या ३० जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली मान्यता असलेले न्यूरॉलॉजिस्ट, न्यूरोसर्जन, सर्जन, भूलतज्ज्ञ, इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचे तज्ज्ञ) दुसऱ्या मंडळावर चालतात. यादी त्यातूनच करा. न्यायदंडाधिकाऱ्याला अंमलबजावणीआधी फक्त कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते.

निकाल देशभर लागू आहे, त्यामुळे कागद मिरजेतही चालतो. मंडळं मात्र तिथल्या हॉस्पिटलात, तिथल्या जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून नव्याने. भाषेचं बंधन नाही. रुग्णाच्या शब्दांत मराठी मजकूर आणि शेजारी इंग्रजी ठेवा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ खालचा फॉर्म (मानसिक आजारावरच्या उपचारांसाठीचा) वेगळा, तो इथे वापरू नका. आणि लिव्हिंग विल नसेल तर वाट बंद होत नाही: रुग्ण निर्णय घेऊ शकत नसेल, तर घरच्यांच्या संमतीने हीच दोन मंडळं.

पॅलिएटिव्ह_सिस्टर:
वकीलसाहेबांचं बरोबर, पण वॉर्डात घोळ वेगळाच होतो. डीएनएआर म्हणजे फक्त सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून ते चालू करायचा प्रयत्न) करायचं नाही. ऑक्सिजन, अँटिबायोटिक, वेदनाशामक सगळं चालू. हे ड्यूटीवरच्या प्रत्येकाला माहीत नसेल, तर त्या खाटेकडे कुणी फिरकत नाही आणि घरच्यांचा विश्वास उडतो. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०२० ची डीएनएआर मार्गदर्शक तत्त्वं वाचून घ्या.

दुसरं, मॉर्फिन. व्हेंटिलेटर नको म्हणणाऱ्याला धाप आणि वेदना यांवर काय देणार, याचं उत्तर तयार हवं. एनडीपीएस (अमली पदार्थ) कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्था म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकांकडे एकदा नोंद झाली की गोळ्या ठेवता येतात. ही सोय नसताना लिव्हिंग विल मागणं मला तरी पटत नाही. ‘सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’वर सही घेऊन आज्जींना घरी पाठवणं हा तर पळपुटेपणा. सलाईन काढून पाठवतात, सोबत एक गोळी नाही.

क्वालिटी_डेस्क:
धन्यवाद सर, सिस्टर. मॅनेजमेंटला दरमहा आकडा हवा असतो. किती फॉर्म भरले, हा देऊ का?

आयसीयू_चिक्कोडी:
नको. टार्गेट लागलं की अंगठे गोळा होतील. यादीतल्या किती जणांशी बोलणं झालं आणि किती जणांच्या केस पेपरवर निर्णय घेणाऱ्याचं नाव आहे, हे द्या. शिवाय महिन्यातून एकदा रात्रपाळीला कॅज्युअल्टीत एक यूएचआयडी (रुग्णाचा हॉस्पिटल क्रमांक) देऊन कागद शोधायला सांगा. पाच मिनिटांत सापडला नाही तर रेकॉर्ड रूमला कुलूप असणार. स्कॅन करून नोंदणीच्या पहिल्या स्क्रीनवर खूण ठेवा, आणि मूळ प्रत घरी आयुष्मान कार्डाच्या पाकिटात ठेवायला सांगा. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढताना ते पाकीट हमखास बरोबर असतं.