टोचलेल्या पेशी शरीरात कुठे गेल्या, हे दाखवण्याची सक्ती असावी का?

दापोलीकर
आमच्या तालुक्यात गुडघेदुखीवर मूलपेशींचे (स्टेम सेल) इंजेक्शन देणारी शिबिरे भरू लागली आहेत. माझ्या आत्याने ते घेतले. पेशी सांध्यात टिकल्या का, असे विचारले तेव्हा "गुण येईल, धीर धरा" एवढेच उत्तर मिळाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांना असा वैद्यकीय चाचणीबाहेरचा वापर मान्य नाही, त्यामुळे शिबिरांचा प्रश्न वादाचा नाहीच. वाद आहे तो रीतसर चाचण्यांबद्दल. पेशी अमुक जागी पोचून काम करतात असा ज्यांचा दावा आहे, त्यांनी चाचणीतल्या काही रुग्णांत तरी त्या पेशींचा माग प्रतिमांमधून दाखवलाच पाहिजे, असे माझे मत आहे.

२००५ साली हानोव्हरच्या डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांच्या अस्थिमज्जेतील पेशींना किरणोत्सारी ग्लुकोजची खूण लावली आणि ती खूण शरीरात कुठे आहे हे दाखवणारा पेट स्कॅन केला. हृदयाच्या धमनीतून सोडलेल्या, वेगळ्या न निवडलेल्या पेशींपैकी तासाभराने हृदयात फक्त १.३ ते २.६ टक्के सापडल्या. हातापायाच्या शिरेतून दिल्यावर तर जवळपास काहीच दिसले नाही. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) आठ रुग्णांना लोहकणांची खूण लावलेल्या प्रतिकारपेशी सोनोग्राफीवर पाहत लसिकाग्रंथीत टोचल्या गेल्या, पण एमआरआयमध्ये असे आढळले की त्यांपैकी चारच जणांत सुई नेमकी लागली होती. स्कॅन झाला नसता तर उरलेल्या चौघांत उपचारच फसला, असा निष्कर्ष निघाला असता.

लांज्याचा तंत्रज्ञ
आपली कळकळ पटते, परंतु सक्तीला माझा विरोध आहे. मी एमआरआय विभागात काम करतो. लोहकण प्रतिमेत काळा डाग म्हणून दिसतात, आणि जुना रक्तस्रावही तसाच दिसतो. त्याहून मोठी अडचण ही, की खूण लावलेली पेशी मेली तरी लोह जात नाही. शरीरातील भक्षक पेशी ते गिळतात आणि तो डाग तिथेच राहतो. म्हणजे पेशी जिवंत असल्याचे समाधान डॉक्टरांना मिळते आणि प्रत्यक्षात आपण तिचे अवशेष पाहत असतो. पेशी विभागत गेली तर उलट घडते: लोह वाटले जाऊन डाग फिका पडतो आणि वाढलेल्या पेशी कमी झाल्यासारख्या वाटतात.

किरणोत्सारी खुणेची मर्यादा निराळी. आपण सांगितलेल्या ग्लुकोजमधील फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, ११० मिनिटांचे असते. मुंबईहून निघालेली मात्रा सात-साडेसात तासांनी रत्नागिरीला पोचेपर्यंत तिचा जेमतेम सोळावा हिस्सा उरेल. इंडियम-१११ या दुसऱ्या किरणोत्सारी खुणेचे अर्धायुष्य सुमारे २.८ दिवसांचे असले, तरी त्याची मात्रा वाढवली तर किरणोत्साराने पेशीच दुखावतात. अशी सक्ती झाली तर कोकणातला रुग्ण चाचणीतून आपोआप बाहेर पडेल.

शिवाय ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेली, आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या प्रयत्नांतून आलेली नेक्सकार१९ ही रक्ताच्या कर्करोगावरची उपचारपद्धती पाहा. अशा कार-टी उपचारांत, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देण्याच्या उपचारांत, रक्त घेऊनही पेशी मोजता येतात, त्यासाठी स्कॅनची गरज भासत नाही.

वेंगुर्लेकर
तंत्रज्ञसाहेब, रक्ताच्या कर्करोगात रक्त तपासून भागते, हे खरे. मेंदूतील गाठीत पेशी शिरल्या की नाही, हे मात्र दंडातून काढलेले रक्त सांगणार नाही. मेल्या-जिवंतीचा आपला आक्षेप रास्त आहे आणि त्यावरच वार्ताहर जनुकाचा उपाय निघाला आहे. पेशीत असे जनुक घालतात की ती जिवंत असेपर्यंतच विशिष्ट किरणोत्सारी द्रव्य धरून ठेवते. हे द्रव्य पुन्हा देऊन काही दिवसांनी पुन्हा पाहता येते. मेंदूच्या ग्लायोमा गाठी असलेल्या सात रुग्णांवर अमेरिकेत असे पेट स्कॅन झाले आणि ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातले जनुक विषाणूचे असल्यामुळे शरीर त्याच्यावर उलटण्याची शक्यता राहते, एवढी त्रुटी मलाही मान्य आहे. पेशींना फ्लोरिन-१९ ची खूण लावून केलेला एमआरआय त्या मानाने सौम्य: त्यात किरणोत्सार नाही आणि शरीरात मुळात त्याचा संकेत जवळपास नसल्याने दिसेल ते आपलेच. मात्र एका ठिकाणी हजारो पेशी जमल्याशिवाय तो दिसत नाही.

दापोलीकर
लांज्याच्या मित्रांना एवढेच सांगेन, की मी प्रत्येक रुग्णाचा स्कॅन मागत नाही. हानोव्हरला नऊ रुग्ण होते, नेदरलँड्सला आठ. तेवढ्यांचा स्कॅन मुंबईत होऊ शकतो, आणि त्यासाठी रत्नागिरीच्या रुग्णाला चाचणीतून वगळण्याचे कारण नाही. लोहाचा डाग फसवतो, म्हणून सुई कुठे लागली एवढ्यापुरताच त्याचा आधार घ्यावा आणि महिन्याभरानंतरच्या डागावरून "पेशी टिकल्या" असे कोणी लिहू नये.

लांज्याचा तंत्रज्ञ
सुई तपासण्यापुरते असेल तर माझी हरकत नाही. पुढचे मात्र मला अजून पटत नाही. मूलपेशी स्वतः न टिकता स्रवलेल्या द्रव्यांतून काम करतात, असे अनेक संशोधक मानतात. मग पेशी जागेवर नाहीत, एवढ्यावरून उपचार निष्फळ कसा ठरवणार?

दापोलीकर
तो एवढ्यावरून ठरवू नये. पण मग संमतिपत्रात "या पेशी तुमच्या झिजलेल्या कूर्चेची जागा घेतील" हे वाक्य राहता कामा नये. माझ्या आत्याने सही केली ती तेच वाक्य वाचून.