अंधाराला डोळे सरावायला इतका वेळ का लागतो? प्रोटीन जागा बदलतात म्हणून?

निशाचर:
काल गच्चीवर तारे बघत बसलो होतो, अर्ध्या तासात डोळे मस्त सरावले, एकदम अंधुक तारेपण दिसायला लागले आणि तेवढ्यात कोणीतरी मोठा दिवा लावला. पाचेक मिनिटांनी बंद केला पण तोवर निम्मं आकाश गायब. बाहुली तर काही सेकंदांत मोठी होते ना, मग परत पंधरा-वीस मिनिटं कशाला लागली? कुठंतरी वाचलं की उजेड पडला की डोळ्याच्या पेशीतली प्रोटीन उठून दुसरीकडे जातात. खरंय का आणि हेच कारण का? बायोलॉजी दहावीला सुटलंय, बेतानं सांगा.

चष्मिश:
बाहुलीचं तर सोडूनच दे. २ मिमीची ८ मिमी झाली तरी उजेड १६ पटच वाढतो.

रोडरोलर:
प्रोटीन हलतात हे खरं, पण तुझे तारे गेले त्याचं मुख्य कारण वेगळं आहे.

अंधारात काम करतात त्या रोड पेशी. त्यांच्यात रोडॉप्सिन नावाचं प्रोटीन ठासून भरलेलं असतं आणि त्याच्या पोटात व्हिटॅमिन ए पासून बनलेला एक छोटा रेणू, रेटिनल, वाकडा होऊन बसलेला असतो. फोटॉन, म्हणजे उजेडाचा कण, आदळला की तो सरळ होतो, तेही साधारण २०० फेम्टोसेकंदांत, म्हणजे सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाचाही पाचवा हिस्सा. त्या धक्क्यानं रोडॉप्सिनचा आकार बदलतो, ते ट्रान्सड्यूसिन नावाच्या सिग्नल वाढवणाऱ्या प्रोटीनला जागं करतं, पुढे सीजीएमपी नावाचा निरोप्या रेणू घटतो आणि पेशीत येणारा करंट बंद पडतो. हो, बंद पडतो, रोड पेशीचा करंट अंधारात चालू असतो आणि उजेडात थांबतो, सगळाच उलटा कारभार.

आता मेख अशी की सरळ झालेला रेटिनल पेशीला स्वतःला परत वाकवता येत नाही. तो सुटतो, मागच्या थरातल्या पेशींकडे जातो, तिथं वाकडा करून मिळतो मग परत येतो. ही ये-जा संथ आहे, भरपूर रोडॉप्सिन उडालं असेल तर पूर्ववत व्हायला ३०-४० मिनिटं जातात. १८७६ मधे फ्रान्झ बोल या शास्त्रज्ञानं बेडकाचं रेटिना, म्हणजे डोळ्यातला उजेड टिपणारा थर, बाहेर काढलं तर ते लाल होतं आणि उजेडात बघता बघता फिकं पडलं, ते हेच.

निशाचर:
ओके, म्हणजे रंग उडतो आणि परत चढायला वेळ लागतो. मग जागा बदलणारे कोण?

रोडरोलर:
मुख्य दोघं, ट्रान्सड्यूसिन आणि सिग्नल दाबणारं प्रोटीन अरेस्टिन. रोड पेशीचं टोक म्हणजे चकत्यांची उभी चळत, रोडॉप्सिन त्या चकत्यांच्या पडद्यात रुतलेलं, ते कुठं जात नाही. अंधारात ट्रान्सड्यूसिन तिथंच चिकटून असतं आणि अरेस्टिन खालच्या भागात. उजेड बराच वेळ आणि बऱ्यापैकी तीव्र राहिला की अदलाबदल. ट्रान्सड्यूसिन खाली उतरतं आणि अरेस्टिन वर येऊन चेतवलेल्या रोडॉप्सिनला गप्प करतं. म्हणजे सिग्नल वाढवणारा बाहेर आणि दाबणारा आत, भर उजेडात रोड पेशीला हेच सोयीचं.

बघितलं कसं तर २००२ मधे उंदरांचं रेटिना सपाट गोठवून ५ मायक्रॉनचे काप काढले आणि कुठल्या कापात किती ट्रान्सड्यूसिन आहे ते मोजलं. कांदा चिरावा तसं, फक्त फार म्हणजे फारच बारीक.

चष्मिश:
पण ट्रान्सड्यूसिनला खाली ओढतं कोण?

रोडरोलर:
ओढावं लागत नाही हीच तर गंमत. त्याचे भाग एकत्र असताना चरबीच्या दोन शेपट्या पडद्यात रुतलेल्या असतात म्हणून पक्कं चिकटतं. उजेडानं जागं झालं की दोन तुकडे होतात, प्रत्येकाकडे एकच शेपटी, पकड ढिली पडते आणि तुकडे पसरत खाली जातात. परत वर यायला मात्र अंधारात काही तास लागतात, त्यामुळे तुझ्या पंधरा-वीस मिनिटांचा हिशोब त्यावर बसत नाही, तो रेटिनलवरच बसतो.

निशाचर:
जबरी. मग पुढच्या वेळी काय करू, दिवा लावणाऱ्याला हाणू?

चष्मिश:
लाल टॉर्च घेऊन जा. रोडॉप्सिन सगळ्यात जास्त ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-हिरवा उजेड शोषतं, गडद लाल जवळपास नाहीच. आणि कोणी दिवा लावलाच तर पटकन एक डोळा गच्च मीट, तेवढा एक तरी वाचेल.