स्वस्त लॅपटॉप निवडताना स्पीकरचा विचार करावा का?

नौपाडेकर :
आई-वडिलांसाठी ४५ हजार रुपयांच्या आत लॅपटॉप घ्यायचा आहे. रोज दोन तास नाट्यसंगीत आणि कीर्तन, संध्याकाळी नातवंडांशी व्हिडिओ कॉल आणि महिन्यातून एकदा बँकेचे काम, एवढाच त्याचा उपयोग होणार आहे. घरात विषय निघाला की धाकटा भाऊ प्रोसेसर आणि रॅमच्या पलीकडे जात नाही, आणि स्पीकरचे नाव काढले की ‘दीड हजाराचा ब्लूटूथ स्पीकर घेऊन टाक’ म्हणून मोकळा होतो. ज्या यंत्राचा निम्म्याहून अधिक वापर ऐकण्यासाठी होणार, ते आवाज न ऐकताच घ्यायचे, हा मला उफराटा कारभार वाटतो.

गेल्या आठवड्यात गोखले रोडवर आणि वाशीच्या सेक्टर १७ मध्ये सहा-सात लॅपटॉप ऐकून पाहिले. या किमतीत बहुतेकांना दीड किंवा दोन वॅटचे दोन स्पीकर असतात, त्यामुळे कागदावर सगळे एकाच माळेचे मणी दिसतात; प्रत्यक्षात फरक पडतो तो ते कोठे बसवले आहेत यामुळे. ज्यांची जाळी कीबोर्डच्या दोन्ही बाजूंना होती, त्यांतून शब्द थेट कानावर येत होते. ज्यांची जाळी तळाला होती, ते दुकानातल्या काचेच्या टेबलावर बरे वाजत होते, कारण आवाज टेबलावर आपटून वर येत होता. त्यांतलाच एक दुकानदाराला विचारून मी घडी केलेल्या शालीवर ठेवला, तेव्हा गाणारा तोंडावर उपरणे धरून गातो आहे असे वाटले. वडील तर लॅपटॉप पलंगावर सोलापुरी चादरीवर ठेवूनच वापरणार. म्हणून माझे मत असे की रॅम ८ ची १६ जीबी करण्यासाठी जे जादा पैसे मोजायचे, ते वर जाळी असलेल्या लॅपटॉपवर मोजावेत.

ऐरोलीकर :
आपला हेतू पटतो, निष्कर्ष पटत नाही. बोटभर जाडीच्या लॅपटॉपमध्ये खर्जाला जागाच नसते. स्वर एक सप्तक खाली उतरला की तेवढाच मोठा आवाज काढण्यासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर हलावे लागते, आणि येथे तर सगळी जागाच काही मिलिमीटरची आहे. डग्ग्याची घुमक जाळी वर असो वा खाली, लॅपटॉपमधून ऐकू येणार नाही. दीड आणि दोन वॅटच्या फरकालाही अर्थ नाही. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. डॉल्बीचा स्टिकर पाहून हुरळणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे की या किमतीत ती बहुतांशी सॉफ्टवेअरची करामत असते. त्याने पडदा मोठा होत नाही.

याउलट अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते आणि पुढे वाढवता येत नाही. स्पीकर उद्याही बाहेरून लावता येतो. जे नंतर बदलता येणार नाही, त्यावर आधी पैसे घालावेत.

खारघरची लेक :
ऐरोलीकरांचे गणित बरोबर आहे, पण त्यांनी सोडवलेले उदाहरण वेगळे आहे. जुन्या टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा येत असे. पुरुषाच्या बोलण्यातला मूळ स्वर बहुधा १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तो तारेवरून येतच नव्हता. तरीही पलीकडे काका बोलत आहेत की मावशी, हे आपल्याला कळत असे, कारण वरच्या स्वरांवरून मेंदू खालचा स्वर स्वतःच जुळवून घेतो. कीर्तनातले निरूपण समजण्यासाठी खर्जावाचून काही अडत नाही. वयोमानाने आधी कमी होते ते वरच्या पट्टीचे ऐकणे, आणि स, श, फ यांसारखी व्यंजने नेमकी तेथेच असतात. जाळी तळाला असली आणि खाली चादर आली, तर सर्वांत आधी तीच गुदमरतात. माझी आई ‘आवाज मोठा कर’ म्हणते तेव्हा तिला बहुतेक वेळा मोठा नव्हे, स्पष्ट आवाज हवा असतो.

ब्लूटूथ स्पीकरचा प्रयोग आमच्याकडे होऊन गेला. गाणी उत्तम वाजत. व्हिडिओ कॉल सुरू झाला आणि लॅपटॉपने त्याच स्पीकरचा माइकही वापरायला घेतला, की जोडणी हँड्स-फ्री प्रकारात जाई आणि आवाज एकदम टेलिफोनसारखा चपटा होई. दोन आठवड्यांनी आईने तो चार्ज करणेच सोडले आणि आता तो देव्हाऱ्याशेजारी शोभेला आहे.

घणसोलीतला जुना मेंबर :
एवढी डोकेफोड करण्यापेक्षा २०२० चा एम १ मॅकबुक एअर वापरलेला पाहावा. स्पीकर कीबोर्डच्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि मुख्य म्हणजे त्यात पंखाच नाही, त्यामुळे मंद आलापात घरघर मिसळत नाही.

नौपाडेकर :
तो मित्राकडे ऐकला आहे आणि आवाजाबद्दल वादच नाही. परंतु वडिलांचा हात पंधरा वर्षे विंडोजवर बसलेला आहे. सत्तरीत त्यांना नवी मेनूपट्टी शिकवण्याचे धाडस माझ्यात नाही. शिवाय इतक्या वर्षांच्या वापरलेल्या बॅटरीचा भरवसा कोणी द्यावा?

ऐरोलीकर :
हँड्स-फ्रीचा मुद्दा मान्य. मग तारेचा स्पीकर घ्या. आवाज ३.५ मिलिमीटरच्या जॅकमधून आणि वीज यूएसबीतून घेणारे छोटे जोडस्पीकर मिळतात. त्यांना चार्जिंग नाही आणि माइक लॅपटॉपचाच राहतो. दुकानातल्या चाचणीवर मात्र माझा विश्वास नाही. तेथे एसीचा आवाज, शेजारी चार टीव्ही चालू आणि बाहेर रिक्षांचे भोंगे. घरी डोक्यावर पंखा पाचवर आणि उघड्या खिडकीतून घोडबंदर रोड आत आला, की आपण निवडलेल्या वरच्या जाळीचे काय होते ते पाहूच.

नौपाडेकर :
पलंगावर दोन तारा आणि दोन डबे सांभाळत वडील कीर्तन ऐकतील, हे आपल्यालाही खरे वाटत नसावे. पण रॅमचा मुद्दा मी अर्धा स्वीकारतो: ८ जीबी चालेल, परंतु रॅमची एक खाच मोकळी हवी, आणि जॅकही हवा. दुकानातल्या गोंगाटावर उपाय म्हणजे दोन लॅपटॉप शेजारी ठेवून, पेनड्राइव्हवरचे एकच कीर्तन, वडील बसतात तेवढ्या अंतरावरून, आळीपाळीने ऐकणे. गोंगाट दोघांनाही सारखाच. रविवारी वडिलांनाच घेऊन जातो आहे.

खारघरची लेक :
पेनड्राइव्हवर घरच्या माणसाचे साधे बोलणेही ध्वनिमुद्रित करून न्या. गाण्यात वाद्ये बरेच झाकून घेतात. बोलण्यात लगेच उघडे पडते.

ऐरोलीकर :
शालीऐवजी चादरच न्यावी. आणि आवाज पूर्ण वाढवून तळहात कीबोर्डजवळ ठेवून पाहावा. स्वस्त लॅपटॉपचे प्लॅस्टिक तेव्हा झणझणते, आणि ती झणझण वडिलांना आपल्या आधी ऐकू येईल. तसा एखादा निघाला, तर मी सांगितलेले जोडस्पीकर त्याच दुकानात मिळतील.