होळी झाली, परसातलं तळं उपसायचं का?

परभणीची परसबागवाली
घरामागं लिंबाखाली सिमेंटचं तळं आहे, कमरेइतकं खोल. पाणी हिरवंगार झालंय, तळाशी लिंबाच्या पानांचा वीतभर गाळ. सासरे म्हणतात, मोटर लावून सगळं उपसा, चुना मारा, बोअरचं नवं पाणी भरा. माझं मन होईना. आत कुमुदिनी आहे, गप्पी मासे आहेत, काठच्या दगडाखाली बेडूक बसतात. परवा बेडकांची शेपटीवाली पिल्लंही दिसली. एक दिवड साप संध्याकाळी येतो. लेक लहान, म्हणून शेजारचे त्याला मारा म्हणतात. काय करू?

अंबाजोगाईचे काका
ताई, सगळं उपसू नका. लिंबाची पानगळ थांबली की सकाळच्या गारव्यात एक तृतीयांश पाणी काढा आणि झाडांच्या आळ्यात सोडा. गाळ घमेल्यानं काढा, पण लगेच लांब फेकू नका. एक-दोन दिवस काठालाच ओला राहू द्या. त्यात चतुरांच्या आणि टाचण्यांच्या (चतुरासारखेच पण बारीक किडे) अळ्या असतात, त्यातल्या बऱ्याच सरकत परत पाण्यात जातात. डासांच्या अळ्या खाणारं याहून चांगलं कोणी नाही. थोडा गाळ तळाशी राहिलाच पाहिजे.

चुना अजिबात नको. बेडूक कातडीतून पाणी घेतो, मासेही तगणार नाहीत. हिरवेपणा ऊन आणि कुजलेल्या पानांमुळं येतो. कुमुदिनीच्या पानांनी निम्मं पाणी झाकलं की आपोआप उतरतो.

एक लक्षात ठेवा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. रात्री शेवाळही तोच ओढतं. म्हणून वैशाखात पहाटे मासे वर तोंड काढतात. तेव्हा पोळीचे तुकडे टाकणं बंद करा. गप्पी जास्त झाले तर ओळखीच्यांच्या हौदात द्या. ओढ्यात सोडू नका, तो इथला मासा नाही.

लातूरकर
२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आम्ही पाहिलंय, त्यामुळं तळं भरायचं म्हटलं की जीव दचकतो. पण काकांचं बरोबर आहे. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. नुसती भर घालत गेलात तर पाणी जड होत जाईल. थोडं काढून थोडं भरा. जूनमध्ये पत्र्याचं पाणी पन्हाळीनं तळ्यात वळवा, पहिला पाऊस तेवढा सोडून.

नांदेडचा सर्पमित्र
वहिनी, दिवड बिनविषारी आहे. डिवचला तर कडकडून चावतो, पण विष नाही. बेडूक-मासे आहेत म्हणून येतो. मारू नका, कायद्यानंही मनाई आहे. मात्र दगडांच्या फटीत हात घालू नका, अंधारात बॅटरीशिवाय जाऊ नका. उंदरामागं नागही येतो. आणि लेकराला खरा धोका सापाचा नाही, पाण्याचा आहे. कमरेइतकं पाणी लहान पोरासाठी लई झालं. गाळाच्या आधी जाळीचं कुंपण घाला.

परभणीची परसबागवाली
जाळीचं उद्याच सांगते. सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, चुना राहू दे, पण मधमाश्या पाण्यात पडून मरतात त्याचं बघ. आणि कुमुदिनीची कुंडी आत्ताच बदलू का?

अंबाजोगाईचे काका
आत्ताच बदला. सडका कंद कापून टाका, कोंबाचा भाग चिकणमातीत लावा, वर खडी टाका म्हणजे माती उठत नाही. मधमाश्यांसाठी काठाला लाकडाची फळी तिरपी सोडा. तिच्यावर बसून पितात. चिमण्या, साळुंक्याही तिथंच उतरतील.