छोट्या हत्तीत ९५ ऑक्टेनचं पेट्रोल टाकल्यावर ॲव्हरेज वाढेल का? (नाशिक)

मंडळी, मदत हवी आहे. माझा पेट्रोलवरचा छोटा हत्ती आहे, २०२१ चा, बीएस ६. दिंडोरीकडचा भाजीपाला पंचवटीच्या मार्केट यार्डात टाकतो, भाडं मिळालं की भिवंडीहून किराणा भरून आणतो. आधी १६ च्या आसपास ॲव्हरेज पडायचं, आता १३ वर आलंय. पिकअपही गेलाय. भरलेली गाडी कसारा घाटात तिसऱ्या गिअरवर दाबली की इंजिनातून बारीक टकटक येते, डब्यात खडे हलवल्यासारखी. दुसरा टाकला की बंद.

पंपावरचा पोरगा म्हणतो ९५ चं टाका, ॲव्हरेज वाढेल. लिटरमागे सात-आठ रुपये जास्त जातात, आणि भाडं काही वाढत नाही. लोडच्या गाडीत कुणी मोजून बघितलंय का? भावाची डिझेल पिकअप आहे, तिला ऑक्टेनचा फायदा होतो का?

प्रतिसाद:
दादा, ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये दाब वाढला तरी पेट्रोल अवेळी, आपोआप पेटू नये, एवढंच ऑक्टेन बघतं. तुमची टकटक म्हणजे हेच अवेळी पेटणं, नॉकिंग. कमी आरपीएम, वर लोड आणि चढ, तिथेच ते होतं. खालचा गिअर टाकता ते अगदी बरोबर.

आता महत्त्वाचं. साध्या पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्के इथेनॉल असतं आणि त्या साध्या पेट्रोलचंच ऑक्टेन ९५ आहे. मग जादा पैसे कशाचे? मुख्यतः इंजिन साफ ठेवणाऱ्या ॲडिटिव्हचे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतं. पण १६ चे १३ एवढ्यानं होत नाहीत. गाडीतच काहीतरी आहे. टायरची हवा, एअर फिल्टर, प्लग बघा. जॅक लावून चाकं हातानं फिरवा, ब्रेक धरून राहत असेल तर लगेच कळेल. आत कार्बन साचला तरी नॉकिंग वाढतं.

हिशोबही करा. साधं १०५ आणि ते ११२ धरलं, तर १३ चं ॲव्हरेज जवळपास १४ झालं तरच पैसे फिटतात. बघायचंच असेल तर एकाच पंपावर फुल टाकी ते फुल टाकी मोजा, रूट आणि लोड तोच ठेवून. मीटरवरच्या आकड्यावर जाऊ नका.

डिझेलला ऑक्टेनचा संबंध नाही, तिथे सिटेन बघतात, म्हणजे डिझेल किती पटकन पेट घेतं त्याचा आकडा. बीएस ६ डिझेलला ते किमान ५१ असावं लागतं. भावाला सांगा, डिझेलच्या टाकीत पेट्रोल थेंबभरही नको, पंप आणि इंजेक्टर जातील.

धागाकर्ता:
खूप आभार दादा. उद्याच प्लग काढतो. रंगावरून काय समजायचं?

प्रतिसाद:
फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आधी एअर फिल्टर बघा. पांढराफटक असेल तर इंजिन तापतंय. मग लोड घेऊन घाटात जाऊ नका, आधी कूलंट आणि पंखा तपासून घ्या.