छातीचा पट्टा सुरुवातीला २०० च्या वर ठोके दाखवतो. नवा घ्यावा की हाच सुधारेल?

जांबोटी वाट

नमस्कार. मी बेळगावात टिळकवाडीत राहतो, वय ४८, पेशाने शिक्षक. गेली दोन वर्षे आठवड्यातून तीनदा पहाटे सायकल चालवतो. नेहमीचा मार्ग पिरनवाडी, किणये, कुसमळीवरून जांबोटी आणि परत असा असतो. सुट्टी असेल तर कणकुंबीपर्यंत जातो. ठोके मोजण्यासाठी छातीला बांधायचा पट्टा वापरतो. तो सायकलच्या हँडलवरच्या कॉम्प्युटरला जोडलेला आहे आणि जर्सीच्या मागच्या खिशातल्या फोनवरही त्याचीच नोंद घेतो.

नोव्हेंबर संपल्यापासून या पट्ट्याने तीन प्रकारचे त्रास सुरू केले आहेत. पहिला असा की, घरातून निघाल्यावर पिरनवाडी येईपर्यंतच्या सपाट रस्त्यावर, जिथे मी सोबत्याशी आरामात बोलत असतो, तिथे तो १९८ ते २०५ असे आकडे दाखवतो आणि मग एकाएकी १२० च्या आसपास उतरतो. दुसरा, कणकुंबीहून परतताना लांब उतार लागला की आकडा पुन्हा उसळतो. तिसरा त्रास दोनच आठवड्यांचा आहे: मधूनच पडद्यावर आकड्याच्या जागी रेघा येतात आणि काही सेकंदांनी ठोके परत दिसू लागतात. २२० मधून वय वजा करावे या हिशेबाने माझी कमाल मर्यादा १७२ येते, त्यामुळे २०५ पाहून पहिल्या दिवशी मी सायकलवरून उतरून रस्त्याकडेला बसलो होतो.

मुलगा म्हणतो की पट्टा टाकून द्या आणि मनगटावरचे घड्याळ घ्या. पत्नी म्हणते की आधी डॉक्टरांकडे जा. मला वाटते की दोष यंत्रात आहे, पण खात्री कशी करावी हे कळत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

उद्यमबागकर

सर, यंत्र बिघडले आहे असे म्हणण्याआधी ते केव्हा चुकते हे पाहावे, असे आम्हा मशीनवर काम करणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून शिकवतात. तुम्ही ते आधीच लिहिले आहे, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. माझ्या मते तुमच्याकडे तीन त्रासांची दोन वेगवेगळी कारणे आहेत, आणि त्यांतले एकही नवा पट्टा घेण्याजोगे नाही.

सुरुवातीच्या दहा मिनिटांचे आधी पाहू. हा पट्टा हृदयाच्या स्नायूची विद्युत हालचाल त्वचेवरून टिपतो, म्हणजे ईसीजी काढताना जे होते तेच, फक्त दोन टोकांवर. त्वचेपर्यंत पोहोचताना हा संकेत एक मिलिव्होल्टच्या आसपास उरतो, इतका क्षीण असतो. घाम आला की मिठाच्या पाण्याने त्वचा आणि पट्ट्याची रबरी पट्टी यांचा नीट संपर्क होतो. कोरड्या त्वचेवर मात्र तो होत नाही, आणि वर कृत्रिम धाग्याची जर्सी घासून स्थिर वीज तयार होते, ती या क्षीण संकेतापेक्षा कितीतरी मोठी असते. पट्ट्यावर पुढे बसवलेल्या, ठोके मोजून आकडा पाठवणाऱ्या डबीला तिची प्रत्येक उसळी हृदयाचा ठोका वाटते. आपल्याकडे डिसेंबरात पहाटेची हवा थंड आणि कोरडी असते, घाम यायला पिरनवाडी उजाडते, आणि घाम आल्याबरोबर आकडा एकदम खाली येतो. तुमचा पहिला त्रास पावसाळ्यात नव्हता, थंडीत सुरू झाला, याचे कारण हेच.

उपाय साधा आहे. पट्टा बांधण्याआधी त्याच्या आतल्या दोन्ही रबरी पट्ट्या नळाखाली चांगल्या ओल्या कराव्यात. नुसता पाण्याचा हात फिरवून भागत नाही, कारण ते पाणी रेल्वे फाटकापर्यंत जाण्याआधीच वाळते. औषधाच्या दुकानात ईसीजीचे जेल मिळते, ते थंडीत अधिक टिकते. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, खोल श्वास घेतल्यावरही सरकणार नाही इतका घट्ट असावा. आणि आंघोळीनंतर अंगाला खोबरेल लावण्याची सवय असेल तर पट्ट्याच्या जागी लावू नये. तेलातून वीज जात नाही. मी स्वतः एक अख्खा जानेवारी या खोबरेलापायी पट्ट्याला दोष देत काढला आहे.

उतारावरचा त्रास त्याच कुळातला आहे. वाऱ्याने जर्सी फडफडते आणि घाम वाळतो, म्हणजे सुरुवातीची स्थिती पुन्हा येते. अंगासरशी बसणारी जर्सी किंवा आतून सुती बनियन घालून पाहा.

आता रेघा. त्या दोन आठवड्यांपूर्वी सुरू झाल्या असे तुम्ही म्हणता. त्या सुमारास पट्ट्याचे काही केले होते का? सेल बदलला होता का?

ईसीजीवाली

मी रुग्णालयात ईसीजी काढण्याचे काम करते, म्हणून एक गोष्ट आधी सांगते. पडद्यावर २०० दिसले की सायकल थांबवा, एक पाय टेका आणि मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला किंवा गळ्याच्या कडेला दोन बोटे ठेवून १५ सेकंद नाडी मोजा. आलेल्या संख्येला चाराने गुणा. बोटांना २८ मिळाले तर तुमचे ठोके ११२ आहेत, पडदा काहीही म्हणो. बोटांनाही ५० लागले, किंवा नाडी वेडीवाकडी धावते आहे असे जाणवले, किंवा छातीत दाब, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी असे काही झाले, तर मग पट्ट्याची चर्चा इथेच संपते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते. थांबून मोजायला उशीर करू नका, कारण तंदुरुस्त माणसाचे ठोके थांबल्यावर मिनिटाभरात बरेच उतरतात. या बाबतीत वहिनींचे म्हणणे मी पूर्णपणे उडवून लावणार नाही: पन्नाशीकडे झुकलेल्या आणि घाट चढणाऱ्या माणसाने एकदा तपासणी करून घेतलेली बरी, पट्टा नीट चालत असला तरी.

२२० वजा वय हे सूत्र १९७१ च्या सुमारास रूढ झाले आणि सोपे असल्यामुळे टिकले. २००१ मध्ये मांडलेल्या दुसऱ्या सूत्राप्रमाणे २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करतात. तुमच्यासाठी ते १७४ येते. दोन्ही सूत्रे सरासरीची आहेत. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहाबारा ठोक्यांचा फरक सहज असतो, म्हणून चढावर १७८ दिसले एवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. मात्र रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ठोके मुळातच कमी राहतात आणि ही सूत्रे लागू पडत नाहीत.

निपाणीची

मुलाच्या सल्ल्याविषयी लिहिते, कारण मी तिन्ही प्रकार वापरून पाहिले आहेत.

मनगटावरचे घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेत सोडते आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर किती प्रकाश परत येतो त्यावरून ठोके काढते. बसल्या जागी ते चांगले चालते. सायकलवर मात्र मनगट हँडलवर वाकलेले असते, मूठ आवळलेली असते आणि खडबडीत रस्त्याचे सगळे हादरे घड्याळापर्यंत पोहोचतात. त्यात थंडीत त्वचेकडचा रक्तपुरवठा आखडतो. निपाणीहून महामार्गाने गेले तर माझे घड्याळ बऱ्यापैकी बरोबर सांगते. आतल्या रस्त्याला लागले की ते ठोके मोजते की खड्डे, हे सांगता येत नाही. राजहंसगडासारख्या लहान पण उभ्या चढावर तर आपण वर पोहोचून पाणी पीत असतो तेव्हा ते हळूहळू आकडा वाढवत असते. थोडा उशीर हृदयालाही लागतोच, पण घड्याळ त्यात आपली भर घालते.

तिसरा प्रकार दंडावर किंवा कोपराखालच्या मांसल भागावर बांधायच्या पट्टीचा. तंत्र घड्याळाचेच, पण तिथे सांधा वाकत नाही आणि खाली मांस असते, म्हणून आकडे बरेच स्थिर राहतात. बायकांना छातीच्या पट्ट्याचा एक त्रास असतो जो पुरुषांच्या चर्चेत कधी येत नाही: स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या कडेशी पट्टा एकाच जागी घासतो आणि दोन तासांनी तिथे लाल चट्टा उठतो. त्यामुळे मी आता पोलार कंपनीची व्हेरिटी सेन्स ही पट्टी दंडावर बांधते. एक सूचना आहे. हातावर दाट गोंदण असेल तर पट्टी त्यावर बांधू नये, कारण शाई हा प्रकाश शोषून घेते. माझ्या आईला हौसेने पट्टी बांधून दिली तेव्हा तिच्या हातावरच्या तुळशीवृंदावनाने आकडाच येऊ दिला नाही; दंडावर सरकवल्याबरोबर आला.

सर, तुम्हाला हृदयाच्या दोन ठोक्यांमधले अंतर वगैरे बारकावे हवे असतील किंवा थोड्या थोड्या वेळाच्या जोरदार फेऱ्या करायच्या असतील, तर छातीचा पट्टाच ठेवा. घड्याळ घेऊन मात्र तुम्ही एक त्रास देऊन दुसरा विकत घ्याल.

जांबोटी वाट

सर्वांचे मनापासून आभार. काल सकाळी तिसऱ्या फाटकाच्या पुढे पडद्यावर २०१ दिसल्यावर थांबून बोटांनी नाडी मोजली. १५ सेकंदांत २७ मिळाले. आज पट्टा नळाखाली धरून ओला केला, तेल लावले नाही आणि आत सुती बनियन घातले. घरापासून किणयेपर्यंत आकडा ९६ ते १३१ मध्येच राहिला.

उद्यमबागकर, तुमचा अंदाज बरोबर आहे. दोन आठवड्यांपूर्वी मी गल्लीतल्या घड्याळाच्या दुकानातून सेल बदलून आणला होता. तुमचा प्रश्न वाचून डबी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला २०३२ असे कोरले आहे आणि आत बसवलेल्या सेलवर २०२५. दोन्ही तीन व्होल्टचेच आहेत, मग फरक पडतो का? काढलेला जुना सेल अजून टेबलावरच पडला आहे, तोच परत घालून चालेल का?

उद्यमबागकर

फरक पडतो, आणि तो आकड्यातच लिहिलेला आहे. पहिले दोन अंक व्यासाचे, म्हणजे २० मिलिमीटर. पुढचे दोन जाडीचे. २०३२ ची जाडी ३.२ मिलिमीटर, २०२५ ची २.५. तुमच्या डबीत ०.७ मिलिमीटरची पोकळी राहिली आहे, त्यामुळे खड्ड्यात आदळले की सेल पत्र्याच्या जिभेपासून क्षणभर सुटतो, डबी बंद पडून पुन्हा सुरू होते आणि तुम्हाला रेघा दिसतात. दुकानदाराचा दोष मानू नका. वेगवेगळ्या पट्ट्यांना वेगवेगळे सेल लागतात. पोलारच्या एच१० मध्ये २०२५ च असतो, गार्मिनच्या एचआरएम ड्युअलमध्ये २०३२. चांगल्या कंपनीचा नवा २०३२ घ्या, जुना नको. तो घालण्याआधी जीभ खाली चेपली गेली असेल तर लाकडी काडीने हलकेच वर उचला. झाकणाखालचे रबरी कडे जागेवर बसल्याची खात्री करा, नाहीतर आत घाम शिरेल. नवा सेल घालूनही डबी जागी झाली नाही तर तो काही सेकंद उलटा घालून काढावा आणि मग सुलटा घालावा. आत उरलेला विद्युतभार निघून जातो आणि डबी नव्याने सुरू होते.

एवढे करूनही रेघा राहिल्या तर त्या कोणत्या पडद्यावर येतात ते पाहा. हँडलवर ठोके दिसत असून नोंद फक्त फोनवर तुटत असेल, तर कारण तुमचा मागचा खिसा. हे संकेत २.४ गिगाहर्ट्झवर जातात आणि शरीरातले पाणी ते शोषते. डबी पुढे आणि फोन पाठीशी, मध्ये आपण स्वतः. एकदा फोन पुढे ठेवून फेरी मारा. उलट, फोन चालू केला की कॉम्प्युटरवरचे ठोके जात असतील, तर तो जोडणीचा प्रश्न आहे. बरेच जुने पट्टे ब्लूटूथवर एका वेळी एकाच यंत्राशी बोलतात. फोनने आधी हात धरला की कॉम्प्युटर ताटकळत राहतो. कॉम्प्युटर अँट प्लस या ब्लूटूथसारख्याच दुसऱ्या बिनतारी पद्धतीवर जोडला तर ही भानगड मिटते, कारण त्या पद्धतीत डबी आकडा हवेत सोडते आणि ज्याला हवा तो घेतो.

आणि घरी आल्यावर डबी पट्ट्यापासून सोडवून ठेवा. ओल्या पट्ट्याला डबी लावून ठेवली की तिला वाटते माणूस अजून पट्टा बांधून आहे, आणि ती रात्रभर जागून सेल खाते. पट्टा साध्या पाण्याने खळबळून सावलीत वाळवा. पावसाळ्यात आपल्याकडे कपडे चार दिवस वाळत नाहीत तेव्हा पंख्याखाली टांगा. न धुतलेल्या पट्ट्यावर घामाचे मीठ साचते, बुरशी धरते आणि मग ओला करूनही तो चुकीचे आकडे देतो.

ईसीजीवाली

तो टेबलावरचा जुना सेल आज रात्रीच तिथून उचला. घरात लहान मूल येत-जात असेल तर हे फार महत्त्वाचे आहे. बटणसेल गिळला गेला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा करू शकतो, आणि वापरून संपलेल्या सेलमध्येही तेवढी वीज उरलेली असते. चिकटपट्टीत गुंडाळून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा डब्यात ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.

जांबोटी वाट

सेल उचलला. नवा २०३२ घातल्यावर रविवारी कणकुंबीपर्यंत जाऊन आलो; एकदाही रेघ आली नाही. परतीच्या उतारावर मात्र बनियन असूनही दोन ठिकाणी आकडा १८० च्या वर गेला, आणि तेव्हा मी पेडलसुद्धा मारत नव्हतो. डबी पाठीकडे फिरवून बांधली तर चालते असे एका सोबत्याने सांगितले. ते खरे आहे का?

उद्यमबागकर

चालते. पट्टा तसाच ठेवून डबी पाठीवर येईल असा फिरवावा. काही उत्पादक स्वतःच हा पर्याय सुचवतात. पाठीवर वारा थेट लागत नाही आणि जर्सी तिथे फडफडत नाही. संकेत थोडा क्षीण मिळेल, म्हणून पट्ट्या आधीपेक्षा अधिक ओल्या करा. फोन मागच्या खिशातच राहणार असेल तर त्याचीही सोय आपोआप होईल.